रोह्याचे गणगोत

राळेगाव तालुक्यातल्या कोणत्याही खेड्यात 'रोही' हा शब्द उच्चारा. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुक उमटणार नाही, काळजी उमटेल. तूर फुलोऱ्यात असते, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात, आणि एका रात्रीत रोह्यांचा कळप धुरा ओलांडून वावरात शिरतो. जेवढे त्यांच्या पोटात जाते त्याहून कितीतरी अधिक खुरांखाली जाते. म्हणून दिवसभर शेतात राबलेला माणूस थंडीच्या रात्री पुन्हा टॉर्च आणि काठी घेऊन जागलीला निघतो. आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी, भावांनी आणि काहींनी स्वतःही ही जागल केलेली आहे.

ज्या प्राण्यापायी इतक्या रात्री जागून काढाव्या लागतात तो मुळात कोण, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. दुरून पाहिला तर तो घोडा वाटतो. हिंदीत त्याला नीलगाय म्हणतात आणि ते नाव आता आपल्या वर्तमानपत्रांतही रुळले आहे. पुस्तकात शोधायला जावे तर तो हरणांच्या प्रकरणात सापडतो. घोडा, गाय आणि हरीण या तिघांपैकी त्याचे खरे गोत कोणते? प्रश्न वरवर प्राणिशास्त्राचा आहे आणि आपले शिक्षण कला शाखेचे. परंतु नावाने वस्तूची ओळख पटते की नावामागे ती झाकली जाते, हा प्रश्न तर आपल्याच अभ्यासाचा आहे. तेव्हा मित्रहो, रोह्याचे गणगोत थोडे तपासून पाहू. त्यासाठी आफ्रिकेतल्या जिराफापर्यंत जावे लागेल. पण ती वाट लांबची असली तरी आडवाट नाही.

खूर म्हणजे नख

पोळ्याच्या दिवशी बैलाचे पाय धुताना त्याचा खूर निरखून पाहावा. तो मधोमध दुभंगलेला असतो. हे दोन भाग म्हणजे बैलाच्या दोन बोटांची नखे होत. आपल्या हाताची मधली दोन बोटे, म्हणजे मधले बोट आणि अनामिका, तेवढीच टेकवून चालावे तसा बैल चालतो. अंगठा नाहीसा झाला आहे, आणि उरलेली दोन बोटे मागे थोड्या उंचीवर लहानशा नखांच्या रूपाने लोंबत राहिली आहेत. घोड्याचे तसे नाही. तो एकाच, मधल्या बोटावर उभा असतो. म्हणूनच नाल ठोकणारा घोड्याच्या एका पायाला एकच वाकडी नाल ठोकतो आणि बैलाच्या एका पायाला दोन वेगळ्या पट्ट्या मारतो. शास्त्रज्ञांनी पुस्तकात जो भेद नोंदवला, तो नाल ठोकणाऱ्या कारागिराच्या हाताला फार पूर्वीपासून ठाऊक होता.

खुरांच्या प्राण्यांचे मोठे दोन गट याच भेदावर पडतात. घोडा, गाढव, गेंडा आणि टॅपिर हे विषमखुरी. त्यांचा भार मधल्या बोटावर असतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरीण, उंट, डुक्कर, पाणघोडा आणि जिराफ हे समखुरी. त्यांचा भार दोन बोटांवर सारखा पडतो. ओल्या वावरात उमटलेले रोह्याचे पाऊल पाहिले की ते दुभंगलेले दिसते. एवढ्यावरच घोड्याचा दावा फेटाळला जातो. रोह्याची मान, त्याची दौड, त्याची ऐट घोड्यासारखी वाटते खरी. पण पाय साक्ष देतो की तो बैलाच्या बाजूचा आहे.

दिसण्यावरून नाते ठरवू गेले की भलभलते शहाणेही फसतात. कांगोच्या घनदाट अरण्यात ओकापी नावाचा एक प्राणी राहतो. त्याच्या मांड्यांवर झेब्य्रासारखे पांढरे पट्टे असतात. विसाव्या शतकाच्या आरंभी सर हॅरी जॉन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याला तिथल्या वनवासी लोकांनी ओकापीच्या पाऊलखुणा दाखवल्या. त्या दुभंगलेल्या होत्या. जॉन्स्टनच्या मनात रानघोडा बसलेला. त्याला वाटले, हे लोक दुसऱ्याच कुठल्या जनावराचा माग दाखवत आहेत. त्याने पाठवलेल्या कातड्याच्या पट्ट्यांवरून लंडनमध्ये १९०१ साली या प्राण्याला घोड्याच्या प्रजातीतले नावही देऊन झाले. पुढे पूर्ण कातडे आणि कवट्या हाती आल्या तेव्हा कळले की हा घोडा नव्हे, झेब्राही नव्हे. हा जिराफाचा सख्खा भाऊबंद आहे. जिराफाच्या खालच्या जबड्यातल्या सुळ्याला टोकाशी खाच असते व तो दोन पाळ्यांचा दिसतो. तसाच सुळा ओकापीलाही होता. अरण्यात राहणाऱ्यांना जे पायावरून माहीत होते, ते विद्वानांना दातावरून पटले.

डोक्यावरचे दाखले

समखुरी प्राण्यांतले जे रवंथ करतात, त्यांची कुळे ओळखण्याची दुसरी खूण म्हणजे शिंगे. मराठीत आपण सगळ्यांनाच शिंगे म्हणतो, पण त्यांच्या घडणीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

चितळ आणि सांबर यांची शिंगे फांद्या फुटल्यासारखी असतात. ती निव्वळ हाडाची असून झडतात आणि पुन्हा नवी उगवतात. ती फक्त नराला येतात. हे खरे हरणांचे कूळ. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या शिंगांना आत हाडाचा गाभा व वर नखासारख्या पदार्थाची टोपी असते. त्यांना फांद्या फुटत नाहीत आणि ती झडतही नाहीत. हे गोकूळ. काळवीट आणि चिंकारा यांना आपण सर्रास हरीण म्हणतो, पण त्यांची शिंगे याच जातीची आहेत; म्हणजे कुळाने ते चितळापेक्षा शेळीला जवळचे. शास्त्रीय मराठीत अशांना 'कुरंग' हा जुना शब्द वापरतात. तो चांगला आहे; आपण तो विसरलो एवढेच.

जिराफाचा प्रकार तिसराच. त्याच्या डोक्यावरची शिंगे हाडाचीच असतात, पण त्यांच्यावर कातडी आणि केस असतात आणि ती कधी झडत नाहीत. पिल्लू जन्मते तेव्हा ती मऊ कूर्चेची असून डोक्यावर आडवी पडलेली असतात. पुढे ती उभी राहून कवटीला घट्ट जोडली जातात. अमेरिकेत प्राँगहॉर्न नावाचा प्राणी आहे, त्याच्या शिंगाचा गाभा कायम राहतो आणि वरची टोपी मात्र दरवर्षी गळते. आधुनिक जनुकीय अभ्यासावरून असे दिसते की ओकापीनंतर जिराफाला सर्वांत जवळचा हयात नातलग हा प्राँगहॉर्नच आहे. एक आफ्रिकेत, एक अमेरिकेत. एकाची मान गगनाला भिडलेली, दुसरा शेळीएवढा. पण नाते आहे.

आता रोह्याकडे वळू. रोह्याच्या नरालाच शिंगे असतात. ती आखूड, सरळ, गुळगुळीत, हाताच्या वितीएवढी किंवा थोडी कमी. ती झडत नाहीत आणि त्यांना फांद्याही नसतात. म्हणजे रोही हरीणही नव्हे. तो गोकुळातला. या कुळाच्या पोटात आणखी पोटशाखा आहेत. त्यांतल्या ज्या शाखेत गाय, म्हैस आणि गवा येतात, त्याच शाखेत रोही येतो. त्याच्या अगदी जवळचा नातलग म्हणजे आपल्या विदर्भाच्या जंगलांतही आढळणारा चौसिंगा, ज्याच्या नराच्या डोक्यावर चार शिंगे असतात.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. 'नीलगाय ही गाय नव्हेच' असे आपण हिरिरीने म्हणतो. ती गाय नाही हे खरे. पण काळवीट किंवा शेळी यांच्यापेक्षा रोही गायीला अधिक जवळचा आहे, हेही तितकेच खरे. ज्याने कोणी हे नाव ठेवले त्याची नजर अगदीच चुकली होती असे म्हणता येत नाही.

एका नावात चार जनावरे

अनोळखी प्राणी दिसला की माणूस त्याला ओळखीच्या प्राण्यांच्या नावांनी सांधतो. जिराफाचे शास्त्रीय नाव 'जिराफा कॅमेलोपार्डालिस'. त्यात उंट आहे आणि बिबट्याही आहे, कारण प्राचीन ग्रीक-रोमनांना तो ठिपकेदार उंट वाटला होता. बंगालच्या सुलतानाने १४१४ साली चीनच्या सम्राटाकडे एक जिराफ भेट म्हणून पाठवला, तेव्हा तेथील दरबाराने त्याला आपल्या पुराणातला शुभंकर प्राणी 'किलिन' मानले आणि त्याचे चित्र काढून घेतले.

रोह्याच्या नावाची तऱ्हा याहून गमतीची. पीटर पालास या शास्त्रज्ञाने १७६६ साली दिलेल्या नावावरून आज त्याला 'बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस' म्हणतात. या दोन शब्दांत चार जनावरे दाटीवाटीने बसली आहेत: बैल, हरीण, बोकड आणि उंट. अठराव्या शतकात हिंदुस्थानातून काही रोही इंग्लंडला नेण्यात आले होते. विल्यम हंटर या प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास करून १७७१ साली सविस्तर वर्णन छापले, आणि जॉर्ज स्टब्ज या चित्रकाराने त्याच्यासाठी रोह्याचे तैलचित्र रंगवले. आपल्या धुऱ्यावरचे जनावर लंडनच्या विद्वानांना असे अप्रूप वाटत होते.

शिवालिकचे जुने शेजारी

जिराफाचे घराणे आफ्रिकेचे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ते एके काळी आपल्या देशातही नांदत होते. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत ह्यू फाल्कनर आणि प्रॉबी कॉट्ली यांना विलक्षण जीवाश्म सापडले. फाल्कनर सहारणपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख, तर कॉट्ली हे पुढे गंगा कालवा बांधणारे अभियंते. त्यांनी १८३६ साली ज्या महाकाय प्राण्याचे वर्णन केले त्याला शिवाच्या नावावरून 'शिवाथेरियम' म्हणतात. त्याची मान आखूड, अंग प्रचंड आणि डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या. मागची जोडी पसरट. तो जिराफाच्या घराण्यातला होता. खुद्द आजच्या जिराफाच्या प्रजातीतलेही जीवाश्म शिवालिकमध्ये मिळाले आहेत.

याच शिवालिकच्या थरांत रोह्याच्या शाखेतल्या अनेक प्राण्यांची हाडे मिळतात. म्हणजे दोन्ही घराणी येथे शेजारी होती, आणि दोन्ही एके काळी भरभराटीला आलेली होती. पुढे हवामान पालटले, रानांची जागा गवताळ प्रदेशांनी घेतली, आणि एकेक शाखा वठत गेली. आज जिराफाच्या घराण्यात जिराफ आणि ओकापी ही दोनच नावे उरली. रोह्याच्या शाखेतही रोही आणि चौसिंगा ही दोनच. जिराफ भारतातून नाहीसा झाला, आफ्रिकेत राहिला. रोह्याच्या शाखेने मात्र आपल्या उपखंडाचा आसरा सोडला नाही. आज आपल्या वावरात उभा असलेला रोही हा एका मोठ्या, मोडलेल्या घराण्याचा वारस आहे.

जिराफ आणि रोही यांची बाह्य ठेवणही पाहण्यासारखी आहे. दोघांचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा उंच वाटतात आणि पाठ शेपटीकडे उतरत जाते. पण हे साम्य जवळच्या नात्याचे नव्हे. घोड्यासारखी ऐट जशी फसवी, तशीच ही उतरती पाठही फसवी. उलट जिराफाची मान इतकी वेगळी दिसत असूनही तिच्यात आपल्या मानेइतकेच, म्हणजे सातच मणके असतात. फक्त एकेक मणका लांब झाला आहे. तेवढ्या उंचीवर रक्त चढवण्यासाठी त्याचे हृदय सुमारे अकरा किलो वजनाचे असते आणि रक्तदाब माणसाच्या जवळजवळ दुप्पट. वेगळेपण दिसते वर. सारखेपण असते आत.

याचा सर्वांत मोठा पुरावा तर समुद्रात आहे. देवमासा हा समखुरी प्राण्यांच्याच वंशवृक्षाची एक फांदी असून पाणघोडा हा त्याचा सर्वांत जवळचा हयात नातलग आहे. काश्मीरमध्ये ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकाने गोळा केलेल्या खडकांतून 'इंडोह्यस' नावाच्या मांजराएवढ्या खुरी प्राण्याचे अवशेष निघाले, आणि २००७ साली झालेल्या अभ्यासातून तो देवमाशांच्या पूर्वजांचा निकटचा नातलग असल्याचे पुढे आले.

रोही शेतात का टिकला

आता वावराकडे. एवढ्या शाखा वठल्या असता रोही टिकला, एवढेच नव्हे तर वाढला, याचे कारण त्याच्या शरीरातच सापडते.

पहिले कारण पोट. गायीप्रमाणे रोह्याच्याही पोटाला चार कप्पे असतात. चारा भरभर ओरबाडून पहिल्या कप्प्यात साठवायचा आणि मग सुरक्षित जागी बसून सावकाश रवंथ करायचा, ही या प्राण्यांची युक्ती. मूळ हेतू वाघापासून बचाव. मोकळ्या रानात जितका कमी वेळ तोंड खाली, तितका धोका कमी. हीच युक्ती शेतकऱ्याच्या मुळावर येते. रात्री दोन-तीन तासांत कळप पोटे भरून घेतो आणि दिवस उजाडताना नाल्याकाठच्या झुडपात निवांत बसतो.

दुसरे कारण आहार. जिराफ झाडपाल्यावर जगतो, म्हैस मुख्यतः गवतावर. रोह्याला दोन्ही चालते. शिवाय शेंगा, फुले, फळेही. आपल्या तालुक्यातली तूर, हरभरा, सोयाबीन, गहू आणि पराटीची कोवळी पाने म्हणजे त्याच्यासाठी वाढलेले ताट. पाण्यावाचूनही तो बराच काळ काढू शकतो, त्यामुळे उन्हाळ्यातही तो हटत नाही.

तिसरे कारण वंशवाढ. गायीला सहसा एकच वासरू होते. रोह्याला पुष्कळदा जुळी होतात आणि गाभणकाळ साधारण आठ महिन्यांचा असतो.

चौथे कारण अंगाचा आकार. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्याही पुढे जातो. कुत्री किंवा कोल्हे त्याचे काही करू शकत नाहीत. मोठ्या रोह्याला खरा शत्रू एकच, वाघ. आणि रोही दाट जंगलाचा प्राणी नव्हे. त्याला झुडपी रान, पडीक माळ, गायरान आवडते. अशा जागा नांगराखाली गेल्या तेव्हा तो जंगलात मागे सरला नाही. तो होता तेथेच राहिला. त्याच्याभोवती शेते आली.

पाचवे कारण मात्र रोह्याच्या शरीरात नाही, माणसाच्या मनात आहे. ते म्हणजे नावातली 'गाय'.

नात्याने निवाडा होत नाही

बिहारमध्ये केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये ठरावीक जिल्ह्यांत एका वर्षासाठी रोह्याला उपद्रवी घोषित केले. जून २०१६ मध्ये मोकामा भागात दोनशेंवर रोही गोळ्या घालून मारले गेले आणि देशभर वाद उसळला. एक बाजू म्हणाली, गाय मारली. दुसरी म्हणाली, ही गाय नव्हेच. दोन्ही बाजू नावावर भांडत होत्या. पीक आणि जनावर बाजूलाच राहिले. हाच प्राणी १९२०-३० च्या दशकांत अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये नेऊन सोडण्यात आला. तेथे तो हजारोंनी वाढला आहे, त्याची शिकार होते, मांस विकले जाते. नाव मात्र 'नीलगाय' असेच आहे. तेथे त्या नावाने कोणाचे मन दुखावत नाही, कारण अर्थ कोणाला कळत नाही.

आपण विदर्भातली माणसे पूर्वापार 'रोही' म्हणतो. या शब्दात ना भक्ती आहे ना द्वेष. तो टिकवावा असे वाटते, कारण तो प्राण्याकडे प्राणी म्हणून पाहू देतो. पण केवळ शब्द बदलूनही प्रश्न सुटणार नाही. आपण वर पाहिले की रोही गायीचा चुलत भाऊ आहे. म्हणून तो पूज्य ठरतो काय? त्याच कुळात बोकड आणि मेंढाही आहेत. आणि गाय नाही म्हणून तो मारण्याजोगा ठरतो काय? मग चौसिंगाही गाय नाही, काळवीटही नाही. कुळावरून ओळख पटते. निवाडा करता येत नाही. निवाडा माणसालाच करावा लागतो, आणि तो करताना जागल करणाऱ्याचे रात्रीचे हाल व या जनावराचा जगण्याचा हक्क ही दोन्ही पारडी समोर असावी लागतात.

कायद्याने ती मांडणी काही प्रमाणात केलेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रोह्याला संरक्षण आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर तो दुसऱ्या अनुसूचीत आला. उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने अशा जनावराला मारण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. पीक नुकसानीची भरपाई वनविभागाकडून मिळू शकते. मात्र तक्रार ताबडतोब करावी लागते व पंचनामा व्हावा लागतो. हतबल होऊन कुंपणात विजेचा चोरटा प्रवाह सोडणे हा मात्र उपाय नव्हे. त्या तारेला रोही, वाघ आणि शेजारचा शेतकरी यांतला फरक कळत नाही. सौर कुंपणाचा झटका जनावराला हुसकावतो, जीव घेत नाही. आणि ते एकट्याच्या वावराला घालण्यापेक्षा शिवारातल्या लोकांनी मिळून घातले तर संकट नुसते शेजाऱ्याकडे सरकत नाही.

आणखी एक धागा ध्यानात ठेवावा. आमच्या शेजारच्या केळापूर व घाटंजी भागात टिपेश्वरचे अभयारण्य आहे. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे, १९९७ साली घोषित झालेले. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा परिसरात टी-१ अथवा 'अवनी' या वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे बळी नोंदले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या रानात तिला गोळी घालण्यात आली. त्या दोन वर्षांत आपल्या लोकांनी कापूस वेचायला जाताना काय सोसले ते येथे नव्याने सांगायला नको. पण वाघ जगतो तो खुरांच्या प्राण्यांवरच. रानातले खुरी प्राणी, शिवारातली गुरे, वाघ आणि माणूस हे एकाच दोरीचे पीळ आहेत. एक ओढला की दुसरा ताणला जातो. रोह्याचा हिशेब रोह्यापुरता करून भागत नाही.

म्हणून आधी ओळख पक्की हवी. कोणत्या शिवारात किती रोही आहेत, ते दिवसा कोठे बसतात, कोणत्या पिकाकडे कोणत्या महिन्यात वळतात, हे नोंदवण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. रोही बहुधा ठरावीक जागीच लेंड्या टाकतो, त्यामुळे त्याची वहिवाट सहज कळते. गावोगावचे आपण विद्यार्थी एक वही आणि थोडी चिकाटी एवढ्या भांडवलावर हे करू शकतो. ग्रामसभेत किंवा वनविभागाच्या कार्यालयात नुसत्या गाऱ्हाण्यापेक्षा अशी वही अधिक वजनदार ठरेल. जॉन्स्टनला वनवासी लोकांनी दाखवलेला माग खोटा वाटला होता. माग दाखवणारे बरोबर होते. आपल्या शिवारातला माग आपल्याला ठाऊक आहे. तो लिहून ठेवणे एवढेच बाकी आहे.